मागे घर, पुढे गाडी: ट्रेलर ओढायला कोणतं वाहन घ्यावं?

आजचा विषय ट्रेलरचा, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घराचा. पण सुरुवात मी बैलगाडीपासून करणार आहे. ज्यांनी लहानपणी बैलगाडीत धान्याची पोती भरताना पाहिली आहेत, त्यांना या विषयातलं निम्मं आधीच येतं.

पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं आणि गळ्याखालचं जोतं आवळतं. पोती पुढे जास्त झाली तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो आणि दोन कोसांत बैल थकतात. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाली की जू हातानं उचलून बघतो. फार हलकं लागलं तर एक पोतं पुढे, फार जड लागलं तर एक मागे. त्याच्याकडे वजनकाटा नसतो, पण हात असतो.

ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा जो भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर पडतो, त्याला अमेरिकेत टंग वेट म्हणतात, ब्रिटनमध्ये नोज वेट. आज मी त्याला जुवावरचा भार म्हणणार आहे. आपल्याकडे शब्द आहे तर वापरू या.

माझी ओळख थोडक्यात. मी इंदूरचा. वाहनांच्या चाचणीत सव्वीस वर्षं काढली, बरीचशी पिथमपूरच्या परिसरात आणि काही अमेरिकेत, मिशिगनमध्ये. तिथे सुट्टीच्या दिवशी हमरस्त्यावर दर दहाव्या गाडीमागे काहीतरी जोडलेलं दिसतं: होडी, घोडा, घर. आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली सोडली तर हा प्रकार अजून नवा आहे. त्यामुळे प्रश्न विचारावा कुणाला, हाच प्रश्न. विक्रेता म्हणतो, "काही नाही साहेब, आरामात ओढेल." शेजारी म्हणतो, "माझ्या मेहुण्यानं ओढलाय." गाडीचं माहितीपुस्तक तर कुणी उघडतच नाही.

गेल्या महिन्यात बडोद्याहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र आलं. त्यांच्या परवानगीनं सांगतो, नाव मात्र सांगत नाही. आईचं वय चौऱ्याऐंशी. नर्मदा परिक्रमा करायची ही आईची जुनी इच्छा. पायी शक्य नाही, गुडघे गेलेले. वाहनानं करायची, तर वाटेत मुक्कामाला आणि विशेषतः शौचालयाला तिचे हाल होतील. म्हणून त्यांनी एक छोटा कॅरॅव्हॅन ट्रेलर बघून ठेवला आहे. दोन पलंग, ओटा, शौचालय. रिकामं वजन ९५० किलो. घरी चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही आहे, तीन वर्षं जुनी, मुलगा चालवतो. पत्रातलं वाक्य असं: "आई मागे पलंगावर पडून येईल, आम्ही तिघं पुढे बसू. आमची गाडी चालेल का, नाहीतर कोणती घ्यावी?"

आधी आईचं बोलू, मग गाडीचं.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही. झोपवायचाही नाही. दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही. ट्रेलरच्या भिंती म्हणजे फायबर, प्लायवूड आणि फोम. त्यात पट्टे असलेल्या सीट नाहीत, धडक झाली तर आतल्या माणसाला वाचवील असा सांगाडा नाही. वर ओटा, बॅटरी, भांड्यांचं कपाट सगळं त्याच खोलीत. ट्रेलर आडवा झाला तर आतल्या माणसाचं काय होईल, हे मी सविस्तर सांगत नाही. आईला प्रवासात आडवं व्हावंच लागत असेल, तर ट्रेलर हे उत्तरच नाही. मग मोटर कॅरॅव्हॅन बघायची, म्हणजे इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेली गाडी. त्यातही चालताना पट्टा लावून बसायचं, पण निदान मुलगा हाकेच्या अंतरावर असतो आणि आई म्हणेल तिथे थांबता येतं.

हे मी त्यांना कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. आईनंच सांगितलं होतं, "मला मागे कोंडू नका. मी पुढे बसणार, नदी दिसली पाहिजे." तेव्हा तो प्रश्न सुटला आणि गाडीचा उरला.

आता हिशेब. कागद-पेन्सिल घ्या.

ट्रेलरचं रिकामं वजन ९५० किलो. या आकड्यावर कुणीही गाडी निवडू नये, कारण रिकामा ट्रेलर कुणीच ओढत नाही. पाण्याची टाकी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. लहान सिलिंडर आणि शेगडी १५. बॅटरी आणि इन्व्हर्टर ६०. छतावरचा एसी ४०. गाद्या, पांघरुणं, भांडी, किराणा, औषधं, आईची चाकाची खुर्ची, धरा १००. सुटं चाक, जॅक, बाहेरचा मांडव, खुर्च्या आणि शौचालयाची टाकी मिळून ५५. बेरीज करा. १,३०० किलो झाले. साडेतीनशे किलो न बोलता चढले, आणि मी लोणच्याच्या बरण्या धरलेल्या नाहीत.

आता पुढची गाडी. त्यांच्या एसयूव्हीचं स्वतःचं वजन, म्हणजे कर्ब वेट, साधारण १,२०० किलो. कंपनीनं ठरवलेलं कमाल एकूण वजन १,६५०. म्हणजे गाडी पोटात आणि पाठीवर मिळून ४५० किलो घेऊ शकते. याला पेलोड म्हणतात आणि माझ्या मते ट्रेलर ओढणाऱ्यानं हाच आकडा सर्वात आधी बघावा. लोक हॉर्सपॉवर बघतात. हॉर्सपॉवर क्वचितच कमी पडते, पेलोड नेहमी कमी पडतो.

कसा ते बघा. चार माणसं, सरासरी ७० धरली तर २८०. डिकीतलं सामान ६०. मागे बसवायचा हुक आणि त्याची चौकट २५. आणि जुवावरचा भार. हा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या किती असावा? अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के धरतात. युरोपात ५ ते ७ टक्के चालतात, पण तिथले ट्रेलर हलके, आतलं वजन चाकांच्या जवळ ठेवलेलं आणि वेगमर्यादा कमी. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ठरावीक अटी पुऱ्या केल्या तरच हमरस्त्यावर १०० ची परवानगी मिळते. आपल्या रस्त्यांवर मी १० टक्क्यांच्या खाली जाणार नाही. म्हणजे १३० किलो.

२८० अधिक ६० अधिक २५ अधिक १३०. ४९५ झाले. मर्यादा ४५०. घराचं फाटक ओलांडण्याआधीच गाडी ४५ किलोनं जास्त भरली, आणि अजून ट्रेलर एक फूटही ओढलेला नाही.

पुढे आणखी एक गोष्ट आहे. ती सहसा कुणी सांगत नाही. ते १३० किलो गाडीच्या मधोमध पडत नाहीत, मागच्या चाकांच्याही मागे पडतात. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर आहे आणि हुक मागच्या चाकांपासून सव्वा हात नव्हे, चांगला १.२ मीटर मागे आहे. तुळईचा साधा हिशेब केला तर मागच्या चाकांवर १३० नाही, १९२ किलो चढतात. हे वरचे ६२ कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. म्हणजे पुढचं तोंड ६२ किलोनं हलकं झालं. आणि या गाडीचं इंजिन कोणती चाकं फिरवतं? पुढची. स्टिअरिंग कोणत्या चाकांवर? पुढच्या. ब्रेकचा मोठा वाटा कुणाचा? पुढच्याच चाकांचा. ओल्या चढावर, वाळूवर, घाटावरच्या शेवाळलेल्या उतारावर तीच चाकं जागच्या जागी फिरतील.

अमेरिकेत यावर वजन वाटून देणारी हिच वापरतात. दोन पोलादी पट्ट्या ताणून मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. चांगली वस्तू आहे, पण तिच्यामुळे गाडीची कमाल मर्यादा वाढत नाही. आणि गाडीच्या कंपनीनं ती चालेल असं म्हटलेलं असावं लागतं.

कुणी म्हणेल, "पण आमच्या गाडीनं ओढून बघितलाय, अगदी सहज आला." येणारच. डांबरी सपाट रस्त्यावर १,३०० किलोचा ट्रेलर नुसता सरकवायला सुमारे २० किलोचा जोर लागतो. दोन धडधाकट माणसं तो ढकलतील. तेव्हा सोसायटीच्या आवारात ओढून बघणं ही चाचणी नव्हे. गाडी ट्रेलर ओढू शकते का, हा प्रश्न सोपा आहे. ट्रेलर गाडीला ढकलायला लागला तर गाडी त्याला आवरेल का, आणि तो डोलायला लागला तर सरळ ठेवील का, हे दोन प्रश्न अवघड आहेत.

डोलण्याबद्दल थोडं सावकाश बोलतो, कारण जीव इथे जातात. (व्हिडिओत या ठिकाणी मी ट्रेडमिलवर ठेवलेली खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर दाखवला आहे. वाचणाऱ्यांनी डोळ्यांसमोर आणावं.) छोट्या ट्रेलरमध्ये वजन पुढच्या भागात ठेवलं आणि पट्टा जोरात फिरवला. बोटानं ट्रेलरला टिचकी मारली. तो दोनदा हलला आणि सरळ झाला. मग तेच वजन मागच्या टोकाला सरकवलं. वजन तेवढंच, वेग तेवढाच, टिचकीही तेवढीच. आता तो एकदा डावीकडे गेला, मग उजवीकडे जास्त, मग डावीकडे त्याहून जास्त, आणि चौथ्या हेलकाव्याला गाडीसकट पट्ट्याबाहेर.

प्रत्येक जोडीचा, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून, एक वेग असतो. त्याच्या खाली हेलकावा आपोआप विझतो, त्याच्या वर तो वाढत जातो. रस्त्यावरची टिचकी म्हणजे शेजारून जोरात गेलेली व्होल्वो, पुलावरचा आडवा वारा, खड्डा चुकवायला दिलेला झटका. तो धोक्याचा वेग वर न्यायचा असेल तर काय हवं? जुवावर पुरेसा भार. जड वस्तू ट्रेलरच्या चाकांजवळ किंवा किंचित पुढे, टोकाला नाही. टायरमध्ये पुरेशी हवा. आणि ओढणारी गाडी जड, लांब चाकअंतराची, जिचा हुक मागच्या चाकांच्या जवळ आहे अशी. चार मीटरच्या आतल्या गाड्यांचं चाकअंतर लांबीच्या मानानं वाईट नसतं, पण त्या हलक्या असतात. शेपटीच कुत्र्याला हलवायला लागते.

ट्रेलर डोलायला लागलाच तर? पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, हेलकाव्याच्या विरुद्ध फिरवू नका, कारण तुमचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो आणि हेलकाव्याला मदत करतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरला हातानं लावता येणारे विजेचे ब्रेक असतील तर फक्त तेच हळू लावा, ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. वेग वाढवून तो सरळ करता येतो असं सांगणारे महाभाग तुम्हाला भेटतील. त्यांना नमस्कार करा.

म्हणूनच गाडीचं वजन हा माझा दुसरा निकष. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना एक ठोकताळा सांगतात: भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. हा कायदा नाही, शहाणपण आहे. बडोद्याच्या गाडीला लावून बघा. १,२०० चे ८५ टक्के म्हणजे १,०२०. ट्रेलर १,३००. गाडीपेक्षा तिच्यामागचं घर जड. उलट हिशेब करा: १,३०० किलोसाठी गाडी किमान १,५३० किलोची हवी, आणि मी तर १,८०० च्या खाली बघूच नका म्हणेन.

आता घाट. परिक्रमेत विंध्य आहे, सातपुडा आहे, आणि अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. चढताना किती ताकद लागते? १,९५० किलोची मोठी गाडी, तिच्यात माणसं-सामान आणि मागे हा ट्रेलर, असे मिळून सुमारे ३,६०० किलो होतात. सात टक्क्यांच्या चढावर ताशी ४० नं जायला चाकांपाशी ४५ हॉर्सपॉवरच्या आसपास पुरतात. हे तर छोट्या गाडीतही असतात. मग अडचण कुठे? अडचण उष्णतेची. तेवढी ताकद इंजिन वीस-पंचवीस मिनिटं सलग देत राहतं, बाहेर ४२ अंश, आणि समोरून वारा कमी. शिवाय चढावरच ट्रक थांबला म्हणून तुम्हीही थांबलात, तर पुन्हा निघताना क्लच जळतो.

म्हणून गिअरबॉक्सकडे बघा. कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क देणारं टर्बो डिझेल आणि खालचा पहिला गिअर असलेला मॅन्युअल, किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक, हे दोन प्रकार ओढायला चांगले. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घासणारा भाग तेलात असतो, चढावर निघताना उष्णता तेल घेतं आणि कूलर ते तेल थंड करतो. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवर यंत्राचा हात बसवलेला प्रकार, शहरात झकास, पण ट्रेलर घेऊन चढावर तो क्लच घासत बसतो. कोरड्या क्लचचा डीसीटीही मी टाळेन. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद हजार मीटर उंचीवर साधारण दहाव्या हिश्श्यानं उतरते, टर्बोला हा त्रास कमी. विजेवरच्या गाड्या ओढायला जबरदस्त असतात, पण मोठा कॅरॅव्हॅन लावला की एका चार्जमध्ये जायचं अंतर साधारण निम्म्यावर येतं. आणि चार्जिंगच्या जागेवर ट्रेलर सोडवून ठेवावा लागतो. परिक्रमेच्या मार्गावर आज मी ते सुचवणार नाही.

उतरताना खरी परीक्षा. तेच ३,६०० किलो ५०० मीटर खाली उतरले, तर जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जाईल तेवढ्यात घरातलं ६० लिटर थंड पाणी उकळेल. ही सगळी उष्णता चार-सहा लोखंडी चकत्यांमध्ये. राऊ-खलघाट रस्त्यावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या आम्ही इंदूरकर वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. तिथे दोष फक्त ब्रेकचा नसतो, उतारावर वरच्या गिअरमध्ये सोडलेल्या गाडीचा असतो. ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा, हे ट्रकवाल्यांचं जुनं सूत्र ट्रेलरला तंतोतंत लागू आहे. ऑटोमॅटिक घेत असाल तर गिअर हातानं धरून ठेवता येतो का, ते बघूनच घ्या.

आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतचाच ट्रेलर बिनब्रेकचा चालतो, युरोपातही सीमा तीच. १,३०० किलोचा ट्रेलर ब्रेकशिवाय विकत मिळत असेल, तर तो स्वस्त नाही. ट्रेलरचे ब्रेक दोन तऱ्हेचे असतात. एक, गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात. दुसरे विजेवरचे, चालकाच्या हाताशी बटण असलेले. मला दुसरे आवडतात. सोबत सुटका झाल्यावर आपोआप ब्रेक लावणारी तार आणि सुरक्षेच्या साखळ्या, त्याही दांडीखाली फुलीसारख्या लावलेल्या.

आता कंपन्यांच्या आकड्यांविषयी. ओढण्याची क्षमता इतके किलो, असा आकडा कुठून येतो? अमेरिकेत पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं तो ठरवायची आणि दरवर्षी जाहिरातीत तो वाढायचा. मग २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं जे-२८०७ हे मानक आणलं. त्यातली एक चाचणी मला फार आवडते. ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळून निघणारा सुमारे १८ किलोमीटरचा चढ आहे, सलग, जवळपास ९०० मीटर उंचीचा. बाहेर किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण चालू, मागे जाहीर केलेलं संपूर्ण वजन, आणि वेग साधारणपणे ताशी ४० मैल, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा उलट निघायचं. टोयोटानं २०११ च्या मॉडेलपासून हे मानक सर्वात आधी स्वीकारलं, बाकीच्या बऱ्याच जणांनी पुढे. असा आकडा समोर असला की त्यावर विश्वास ठेवावा.

आपल्याकडे असा आकडा बहुतेक गाड्यांच्या माहितीपत्रकात नसतो. मग लोक परदेशातला शोधून काढतात. स्कॉर्पिओ-एन ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी २,५०० किलो सांगते, बिनब्रेकसाठी ७५०. हायलक्स आणि इसुझुचा पिकअप तिथे ३,५०० पर्यंत जातात. हे आकडे खरे आहेत, पण ते तिथे विकल्या जाणाऱ्या गाडीचे, तिथल्या मंजूर हिचसह आणि तिथल्या अटींसह. इथे विकलेल्या त्याच नावाच्या गाडीचे टायर, स्प्रिंगा, कूलर वेगळे असू शकतात. तेव्हा परदेशातल्या आकड्यावरून एवढंच समजायचं की या सांगाड्यात दम आहे. शेवटचा शब्द इथल्या माहितीपुस्तकाचा. त्यात ट्रेलर ओढू नये असं लिहिलं असेल, तर विषय संपला. बडोद्याच्या गाडीच्या पुस्तकात तेच लिहिलेलं होतं. मी त्यांना पान उघडायला सांगितलं तेव्हा त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा ते उघडलं. पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

आणखी एक मेख. कमाल ट्रेलर आणि कमाल पेलोड एकाच वेळी क्वचितच वापरता येतात, कारण गाडी आणि ट्रेलर मिळून एक तिसरी मर्यादा असते. तिन्ही मर्यादा पाळायच्या, आणि चौथी मागच्या आसाची.

कायद्याचं उरकून घेतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र होते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर मागे दिसावा लागतो. नोंदणीचे कागद न देणाऱ्याकडून ट्रेलर घेऊ नका. गाडीला हुक बसवणं हा बदल आहे, आणि बदलाबद्दल कलम ५२ आहे, तेव्हा गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून बंपरखाली काहीतरी चिकटवून घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. गाडीच्या आणि ट्रेलरच्या दोन्ही विम्यांत ओढण्याचा उल्लेख लेखी असू द्या. बंपरला शोभेसाठी लावलेल्या हुकाला तर घर जोडूच नका.

तर बडोद्याच्या कुटुंबापुढे काय उरलं? छोटा, चारशे-पाचशे किलोचा अश्रूच्या थेंबासारखा ट्रेलर असतो, पण त्यात शौचालय नसतं, आणि मग आईसाठी केलेल्या सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. मोटर कॅरॅव्हॅन भाड्यानं घ्यायची, हा दुसरा मार्ग. एकदाच परिक्रमा करायची असेल तर मी तोच सुचवला. तीन-चार आठवड्यांच्या प्रवासासाठी गाडी आणि ट्रेलर दोन्ही विकत घेणं मला पटत नाही, आणि पूर्ण लांबी दहा मीटरवर गेलेली जोडी नदीकाठच्या गल्ल्यांतून उलट घेणं हे एक वेगळंच शास्त्र आहे. पण त्यांना पुढेही फिरायचं आहे. आई आहे तोवर तिच्यासोबत, नंतर दोघं. मग तिसरा मार्ग: शिडीसारख्या सांगाड्यावरची डिझेल गाडी, मागची किंवा चारही चाकं फिरवणारी, कर्ब वेट १,९०० च्या पुढे, चाकअंतर २.७ मीटरहून जास्त, पेलोड किमान ६००, आणि पुस्तकात ओढायची लेखी परवानगी. जुनी घेतली तरी चालेल, पण रेडिएटर, क्लच आणि मागच्या स्प्रिंगा तपासून. आईला चढायला पायरी लावावी लागेल, ती धरून.

ते आता अशी गाडी शोधताहेत. मिळाली की पहिलं काम काट्यावर जाण्याचं. आमच्या मध्य प्रदेशात ट्रकच्या वजनकाट्याला धर्मकाँटा म्हणतात, मला तो शब्द फार योग्य वाटतो. सगळी माणसं बसवून, टाकी भरून आधी एकटी गाडी तोला. मग ट्रेलर जोडून, गाडीची चारही चाकं काट्यावर आणि ट्रेलरची बाहेर, असं तोला. दोन आकड्यांतला फरक हा जुवावरचा भार. मग दोन्ही पूर्ण काट्यावर. त्यातून पहिला आकडा वजा केलात की ट्रेलरचं खरं वजन. शेवटी फक्त पुढची चाकं काट्यावर, ट्रेलर जोडून आणि न जोडता, म्हणजे तोंड किती हलकं झालं ते कळेल. ट्रकचा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्यानं दाखवतो. म्हणून जुवावरचा भार घरीही बघा. १५० किलोपर्यंतचा न्हाणीघरातला काटा, त्यावर हुकाच्या उंचीचा लाकडी ओंडका, आणि त्यावर ट्रेलरची दांडी. ट्रेलरच्या चाकांना आधी पाचर लावायला विसरू नका.

१३० च्या जागी ७० आले, तर ट्रेलर उलाळ आहे. बॅटरीची ६० किलोची पेटी मागच्या कप्प्यातून पुढच्या कप्प्यात, म्हणजे तीनेक मीटर, सरकवली तर एवढ्या ट्रेलरमध्ये भार पन्नासेक किलोनं वाढतो. पाण्याची टाकी चाकांच्या मागे असेल तर ती भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा मोजा, कारण तुम्ही ओंकारेश्वरला भरून निघाल आणि संध्याकाळी ती रिकामी असेल. काटेवाला दर वेळी पैसे मागेल आणि चौथ्या खेपेला वैतागेल. त्याला चहा पाजा.

आता तुमचे प्रश्न घेतो. पहिला हैदराबादहून आहे: ट्रॅक्टरची ट्रॉली बदलून त्यावर घर बांधलं तर चालेल का? नाही चालणार, आणि का ते सांगतो. तिला मोटारीच्या वेगाला पुरतील अशा स्प्रिंगा नसतात आणि बहुतेक वेळा ब्रेकही नसतात. ती ट्रॅक्टरच्या चालीसाठी केलेली आहे. पुढचा प्रश्न घ्या.